एडिटेड इंद्रायणी खरंच आलीये का? आणि एका वाणात चार गुण एकदम बसतात का?

मावळचा_गडी (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. मी हिंजवडीत नोकरीला, पण गाव वडगाव मावळच्या पुढं, घरची चार खाचरं आहेत आणि आण्णा अजून स्वतः इंद्रायणीच करतात. गेल्या खरिपात करप्यानं फार वाईट केलं. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके होते तोवर वाटलं निभावेल, ट्रायसायक्लाझोलच्या दोन फवारण्या झाल्या होत्या, पण लोंब्या बाहेर पडल्या आणि आठवड्यात मानेपाशी काळ्या होऊन वाकल्या. दिसायला सोनेरी, हातात चोळली की नुसतं पळंज. आण्णा काही बोलले नाहीत, बांधावर बसून राहिले बराच वेळ.

आता परवा गावात एक जण येऊन गेला. म्हणे जीन एडिटेड इंद्रायणी आलीये, करपा येत नाही, लोळत नाही, वास डबल, आणि वीस दिवस लवकर निघते. चार किलोची पिशवी, भाव बाजाराच्या तिप्पट. आण्णांनी एक पिशवी घेतलीसुद्धा. मला तीन गोष्टी विचारायच्यात. एक, असं काही खरंच आलंय का. दोन, हे बीटीसारखंच का वेगळं. तीन, एवढे चार गुण एकाच रोपात एकदम घालता येतात का, का नुसतं बोलायचं काम. इथं शेतकी कॉलेजची, लॅबमधली माणसं आहेत म्हणून विचारतोय, जरा सविस्तर सांगा.

पेशी_अन्_पान (सोमवार, रात्री ११.२५)

दादा, पिशवी फोडू नका आधी. मी पुण्यातच भातावर पीएचडी करतेय, जीनोम एडिटिंग हेच माझं रोजचं काम, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

४ मे २०२५ ला केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी एडिटेड भाताची दोन वाणं जाहीर केली. एक डीआरआर धान १००, नाव कमला, हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचं, मूळ वाण सांबा मसुरी. दुसरं पुसा डीएसटी राइस १, दिल्लीच्या पुसा संस्थेचं, मूळ वाण एमटीयू १०१०, ते खारपड जमिनीसाठी. यात इंद्रायणी कुठंच नाही. तो माणूस "वीस दिवस लवकर" म्हणाला ना, ते कमलाबद्दल छापून आलेलं वाक्य आहे, त्यानं उचलून इंद्रायणीला चिकटवलंय.

आता बीटी आणि हे. बीटी कापसात एका जिवाणूचा जीन आणून घातलाय, बाहेरचा. कमलामध्ये बाहेरचं काही शिल्लक नाही, सांबा मसुरीच्याच सीकेएक्स२ नावाच्या जीनमध्ये बारीक बदल केलाय. हा जीन सायटोकायनिन नावाचं वाढीचं संप्रेरक मोडतो, तो ढिला पडला की लोंबीत दाणे जास्त भरतात. एक जीन, एक बदल. चार गुण वगैरे काही नाही त्यात.

कायद्यानंही दोन्ही वेगळे धरलेत. पर्यावरण मंत्रालयाच्या ३० मार्च २०२२ च्या आदेशानुसार एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारचे बदल, म्हणजे रोपाच्या स्वतःच्याच डीएनएत केलेले आणि शेवटी परका डीएनए शिल्लक नसलेले, जीएमच्या, म्हणजे बाहेरचा जीन घातलेल्या पिकांच्या, लांबलचक परवानगीतून वगळलेत. बाहेरचा अख्खा जीन आणून बसवला तर तो एसडीएन-३, त्याला जीएमचेच सगळे नियम.

सहकारनगरची_मावशी (मंगळवार, सकाळी ७.१०)

म्हणजे आम्ही वाण्याकडून इंद्रायणी आणतो ती तशीच आहे ना गं पूर्वीची? माझा नातू आजारातून उठलाय, त्याला रोज मऊ भात तोच देते.

पेशी_अन्_पान (मंगळवार, सकाळी ९.०५)

हो मावशी, अगदी पूर्वीचीच. बिनधास्त द्या, वर तूप पण घाला :)

वऱ्हाडी_पुण्यात (मंगळवार, दुपारी १.३०)

मी यवतमाळकडचा, दहा वर्षं झाली पुण्यात. "एका रोपात दोन दोन जीन" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो, म्हणून लिहितो, कोणाला राग येऊ नये.

आमच्याकडे २००२ ला बीटी आलं, एका जीनचं. २००६ ला बोलगार्ड २, क्राय१एसी आणि क्राय२एबी असे दोन जीन. सांगितलं की अळीला एक विष पचलं तरी दुसरं मारीन, दोन दोन कुलपं लावली आहेत. पहिली काही वर्षं खरंच फवारणी कमी झाली होती, ते नाकारत नाही, माझ्या बापानं त्याच काळात घरावर स्लॅब टाकला. मग २०१७ आलं. डोमकळ्या दिसायला लागल्या, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं, उघडून पाहिलं की आत गुलाबी अळी. बोंडं वरून हिरवीगार आणि फोडली की कवडी. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. दोन जीन असून असं का झालं याचं नीट उत्तर मला आजवर कोणी दिलं नाही. प्रत्येक जण म्हणतो रेफ्युजी, म्हणजे अळीसाठी सोडायचा बिगर बीटी कापूस, लावली नाही म्हणून. हो, नाही लावली. साडेचारशे ग्रॅमच्या बीटीच्या पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅमचं नॉन बीटीचं पुडकं यायचं, बाप ते बांधावर टाकून द्यायचा कारण चार एकरात अळीसाठी कापूस कोण लावतो. पण सगळा दोष आमचाच का?

जुना_पैदासकार (मंगळवार, रात्री ९.५०)

वऱ्हाडी, सगळा दोष तुमच्या वडिलांचा नव्हता. मी निवृत्त झालोय, आयुष्य वाण पैदास करण्यात गेलं, थोडं मोठं लिहितो, सावकाश वाचा, कारण मावळच्या गड्याच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

बोलगार्ड २ कसं तयार झालं ते बघा. ज्या कापसात आधीच क्राय१एसी बसलेला होता त्यातच जीन गनने क्राय२एबी मारला. जीन गन म्हणजे सोन्याच्या बारीक कणांवर डीएनए लेपायचा आणि पेशीत डागायचा, तो कुठल्या गुणसूत्रावर जाऊन बसेल ते आपल्या हातात नाही. दोन जीन दोन वेगळ्या ठिकाणी बसले. आता भारतात आपण लावतो संकरित कापूस, एफ-१, म्हणजे संकराची पहिली पिढी. झाडाच्या पानात, पात्यात दोन्ही विषं आहेत, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी, तिथं जीन सुटे होतात. सोळा सरक्या धरा. हिशेबानं नवांत दोन्ही विषं, तिघांत फक्त पहिलं, तिघांत फक्त दुसरं आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी खाते काय, तर सरकी. म्हणजे एकाच बोंडात तिला सोळापैकी सहा दाण्यांत एकच विष मिळतं, एक एक करून पचवायची तालीम तिथंच होते. त्यात क्राय१एसी २००२ पासून शेतात होताच, त्याला सरावलेल्या अळ्या आधीच तयार होत्या, तेव्हा दुसरं कुलूप बऱ्याच ठिकाणी एकटंच लढत होतं. रेफ्युजी नसणं हे कारण खरंच आहे, पण ते एकटं नाही.

हेच दोन जीन एका गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसले असते तर ते जोडीनं गेले असते. बारा सरक्यांत दोन्ही, चौघींत काहीच नाही, एकट्या विषाची सरकी जवळपास नाहीच. म्हणून जीन स्टॅकिंगमध्ये, म्हणजे एका रोपात अनेक जीन एकत्र बसवण्यात, किती जीन घातले याच्याइतकंच ते कुठं बसवले यालाही महत्त्व आहे, आणि नेमकं एडिटिंग इथं कामाला येतं. २०१३ मध्ये मक्यात झिंक फिंगर न्यूक्लिएज वापरून आणि कापसात मेगान्यूक्लिएज वापरून, आधी बसलेल्या जीनच्या बाजूलाच नवा जीन नेऊन बसवून दाखवला गेला, आणि पुढच्या पिढीत ते एकाच गुणासारखे जोडीनं उतरले. दोन्ही डीएनए कापायची अवजारं, आज वापरतात त्या क्रिस्पर नावाच्या कात्रीच्या आधीची. डूडना आणि शार्पेंतिए यांचा क्रिस्परवरचा शोधनिबंध २०१२ चा, त्यांना नोबेल २०२० ला.

मावळचा_गडी (मंगळवार, रात्री १०.३०)

सर हे मी आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कापूस आम्ही कधी केला नाही तरी सरकीचा हिशेब त्यांना पटकन कळला, म्हणाले म्हणजे दोन बैल एकाच जुवाला पाहिजेत. भातात पण असंच का? आणि जोडीनं नाही बसवले तर अडतं काय?

जुना_पैदासकार (बुधवार, सकाळी ६.२०)

आण्णांना नमस्कार सांगा, बरोबर पकडलंय त्यांनी.

भातात थोडं वेगळं. भात स्वतःच्याच परागानं फळतो, संकरित वाण सोडलं तर एकदा चारही गुण दोन्ही बाजूंनी पक्के झाले की पुढे सुटत नाहीत, तुम्ही घरचं बी वर्षानुवर्षं ठेवू शकता. अडचण येते ती पक्कं होईपर्यंत आणि ते गुण दुसऱ्या वाणात नेताना. चार गुण चार वेगळ्या जागी असतील तर एफ-२ मध्ये, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीत, चारही पक्के असलेलं रोप २५६ त एक. ते हाताला लागायची ९५ टक्के खात्री हवी तर साडेसातशेवर रोपं वाढवा आणि प्रत्येकाचं पान तोडून तपासा. तेच चार एका जागी जुळलेले असतील तर चारांत एक, अकरा रोपांत काम होतं. आम्ही मार्कर, म्हणजे हवा तो जीन आलाय का ते दाखवणारी डीएनएतली खूण, लावून हे पिरॅमिडिंग (जीन एकावर एक रचणं) केलंय, तेव्हा एकेका हंगामात पानांचे तुकडे बर्फात घालून पहाटेपासून आणायचो, पाठ मोडायची. सुधारित सांबा मसुरी त्याच वाटेनं आली, २००८ ला, कडा करप्याविरुद्ध (हा जिवाणूचा, तुमचा करपा बुरशीचा) तीन जीन एकत्र, एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५. तीन जागा म्हणजे ६४ त एक. डीएनएचं एक अक्षर एडिट न करता, फक्त संकर आणि मार्कर.

आणि तुमची इंद्रायणी काय आहे माहितीय ना. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ चा संकर, तुमच्या वडगावच्याच केंद्रावरचा, १९८७ चं वाण. आयआर ८ बुटका का, तर त्याच्या एसडी१ जीनमधली ३८३ अक्षरं निसर्गतःच गळालेली आहेत. जगातल्या बहुतेक सुवासिक भातांना वास कशामुळे, तर बीएडीएच२ जीनमधली आठ अक्षरं गळालेली आहेत, तो जीन बंद पडला की वासाचा पदार्थ साठतो. दोन्ही निसर्गानं केलेल्या काटछाटी. आपल्या लोकांनी आंबेमोहराचा वास आणि आयआर ८ चा बुटकेपणा एका रोपात आणून ठेवला, मधल्या पिढ्यांत हजारो रोपं उपटून फेकली तेव्हा ते जमलं. माझ्या दृष्टीनं मावळातलं पहिलं जीन स्टॅकिंग तेच.

गावरान_वाण (बुधवार, सकाळी ११.४५)

सर तुमच्याबद्दल आदर आहे पण निसर्गानं केलं आणि लॅबमध्ये केलं हे एका मापानं तोलता येत नाही असं मला मनापासून वाटतं. निसर्गात ती आठ अक्षरं गळाली आणि मग शेकडो वर्षं शेतकऱ्यानं, खरं तर बाईनं, ते बी शिजवून, खाऊन, निवडून ठेवलं. इथं दोन चार हंगामांत वाण बाहेर. नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाण्याची बँक उभी केली, २०२० चा पद्मश्री त्यासाठी मिळाला, त्या कामात एका जीनवर कोणाचा हक्क हा प्रश्नच येत नाही. क्रिस्परवर परदेशी विद्यापीठांची पेटंटं आहेत. उद्या एडिटेड इंद्रायणी खरंच आली तर आण्णांना घरचं बी ठेवता येईल का? आणि मुळशीच्या आंबेमोहराचं, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याचं काय, शेजारच्या खाचरातून येऊन मिसळलं तर?

पेशी_अन्_पान (बुधवार, दुपारी ३.१५)

ताई, पेटंटची काळजी मला पण आहे. कायदा आज असा आहे की आपल्या पेटंट कायद्यात वनस्पती आणि बियाणं यांना पेटंट मिळत नाही, आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय, फक्त ब्रँडच्या पिशवीत भरून विकता येत नाही. पण पद्धतीवरची पेटंटं हा वेगळा विषय आहे, ज्या संस्थेनं वाण केलं तिनं परवान्याच्या अटी लोकांपुढं उघड्या ठेवल्या पाहिजेत, यात मी तुमच्या बाजूनं आहे. मिसळण्याबद्दल, भातात परपरागीकरण फार थोडं होतं, शून्य नाही, म्हणून आंबेमोहराच्या बियाण्याचं खाचर लांब ठेवायला हवंच, ते आजच्या इंद्रायणीपासूनसुद्धा.

"दोन चार हंगामांत" याबद्दल मात्र थोडं सांगू दे, कारण माझी तीन वर्षं त्यात गेलीत. दाणा सोलून, धुऊन पोषक जेलीवर, म्हणजे मीडियावर, ठेवते, दोन तीन आठवड्यांत त्याच्या अंकुराच्या बाजूनं फिकट पिवळा गोळा फुटतो, कॅलस, दिसायला ओल्या रव्याच्या लाडवाच्या चुऱ्यासारखा. त्यावर ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू तीन दिवस, त्यातून कॅस९ ही कात्री आणि तिला जागा दाखवणारा गाइड आत जातात. गाइड वीस अक्षरांचा, भाताच्या साधारण चाळीस कोटी अक्षरांत त्यानं नेमकी आपली जागा शोधायची, आणि त्या जागेला लागून शेवटी दोन जी असलेली खूण हवी, नसेल तर कॅस९ कापतच नाही. कापलं की पेशी घाईनं सांधते, त्या सांधण्यात एखादं अक्षर गळतं किंवा वाढतं, आम्हाला हवा तो बदल तोच. मग अँटिबायोटिकच्या मीडियावर बहुतेक गोळे काळे पडतात, जे वाचतात त्यांत कुठंतरी टाचणीच्या टोकाएवढा हिरवा ठिपका दिसतो. तो ठिपका पहिल्यांदा दिसला त्या दिवशी मी हॉस्टेलवर जाऊन आईला फोन केला होता. आपल्याकडची इंडिका भातं यात जास्त हट्टी, जॅपोनिका पटकन फुटते. रोप मोठं झालं की सिक्वेन्सिंग, आणि पुढच्या पिढीत ज्या रोपात बदल आहे पण कॅस९ नाही असं वेगळं काढायचं. कात्री बाहेर काढल्याशिवाय एसडीएन-१ म्हणताच येत नाही. शिवाय गाइडशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या जागी चुकून काप गेलाय का ते तपासायचं. मग शेत. एक गुण, तीन वर्षं, आणि माझं रोप अजून नेटहाऊसमध्येच आहे.

मांजरीचा_ऊसवाला (बुधवार, सायंकाळी ७.००)

उसात का नाही करत हे? ८६०३२ या ऊस वाणाला थोडं काही करता आलं तर अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राचं भलं होईल.

जुना_पैदासकार (बुधवार, रात्री ८.४०)

ऊस अवघड आहे. भाताची १२ गुणसूत्रं, जोड्यांनी २४. उसाची शंभरच्या वर, एकेका जीनच्या आठ दहा प्रती, एक कापली तर बाकीच्या काम चालू ठेवतात. गव्हात सहा प्रती असतात, तिथं २०१४ ला चीनमध्ये एमएलओ जीनच्या सहाही प्रती बंद करून भुरीला दाद न देणारा गहू केला गेला. उसात करून पाहिलंय लोकांनी, जमतं, पण निवडायला माणूस आणि वेळ दोन्ही लागतं.

करप्याबद्दल मावळच्या गड्याला सांगायचं राहिलं. भातात ओएसईआरएफ९२२ नावाचा एक जीन आहे, तो बंद केला की करपा कमी होतो असं २०१६ मध्ये चीनमधल्या प्रयोगात दिसलं. कडा करप्यात तर फार सुंदर काम झालंय. जिवाणू रोपाच्या स्वीट जीनचं बटण दाबून साखर बाहेर काढून घेतो, २०१९ मध्ये आयआर ६४ या वाणात अशा तीन जीनची बटणं मिळून पाच ठिकाणी बदलली, जिवाणूचं बोटच त्यावर बसेना. एकाच वेळी अनेक गाइड सोडून हे करता येतं, बाहेरचा जीन लागत नाही. मात्र करप्याची बुरशी दर काही वर्षांनी रूप बदलते. एका जीनवर विसंबलेलं वाण तीन चार हंगामांत पडल्याचं मी स्वतः पाहिलंय. म्हणून दोन तीन वेगळ्या तऱ्हेचे प्रतिकार एकत्र हवेत, आणि त्यातला एकेक सुटा करून आधीच बाजारात सोडायचा नाही. कापसात तीच चूक झाली, एकटा क्राय१एसी चार वर्षं आधी दिला. हे मी बैठकांमध्ये बोललोय आणि परत बोलीन.

वऱ्हाडी_पुण्यात (बुधवार, रात्री ९.१५)

सर, आज पहिल्यांदा कोणी नीट सांगितलं. सरकीचा हिशेब लिहून बापाला पाठवतो.

पेशी_अन्_पान (बुधवार, रात्री ९.३०)

मावळदादा, पिशवीवरचा टॅग बघितला का? प्रमाणित बियाण्याला निळा असतो, सत्यप्रतला, म्हणजे विकणाऱ्याच्या स्वतःच्या हमीवरच्या बियाण्याला, हिरवा, त्यावर लॉट नंबर, उगवण टक्केवारी, तपासणीची तारीख हे सगळं छापलेलं हवं. आणि पावती.

मावळचा_गडी (रविवार, दुपारी २.२०)

उशीर झाला, शनिवारी गावी गेलो होतो. पिशवीला टॅग नाही, निळा नाही हिरवा नाही, नुसतं रंगीत छापलेलं भाताचं चित्र आणि आत एक फोन नंबर, तो लागत नाही. पावती नव्हतीच. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे पिशवी दाखवून लेखी तक्रार दिलीये, गावात अजून सहा घरांनी घेतलंय ते पण सही करून गेले.

तक्रारीपुरतं सीलबंद नमुना बाजूला ठेवून उरलेल्याला आण्णांनी घरी मिठाचं पाणी केलं, दहा लिटरला तीनशे ग्रॅम, दरवर्षी करतात तसं. एका बादलीत आमचं घरचं निवडलेलं इंद्रायणीचं बी, दुसऱ्या बादलीत पिशवीतलं. आमच्यातलं वर ओंजळभर तरंगलं. पिशवीतलं निम्म्याच्या वर तरंगत होतं, काही दाणे जाड, काही बारीक लांब, दोन तीन जातींची मिसळ असावी असं आण्णा म्हणाले. त्यांनी ते चाळणीनं काढून उन्हात पसरलं, कोंबड्यांना होईल म्हणाले.

घरच्या बियाण्याचं रोप कालच टाकलं. यंदा युरिया एकदम न देता तीन हप्त्यांत देणार, एकदम दिला की करपा जास्त धरतो हे आण्णांना पण मान्य झालं. पेशीताई, तुमचं नेटहाऊसमधलं रोप कुठल्या गुणाचं आहे ते सांगितलं नाहीत तुम्ही. आण्णा विचारतायत.

पेशी_अन्_पान (रविवार, दुपारी ४.०५)

बुटकेपणाचं, दादा. आंबेमोहरच आहे, फक्त एसडी१ मध्ये काप. उंच वाढून लोळतो म्हणून मुळशीत लोक सोडून देतात ना त्याला. लोंबी अजून पोटात आहे. गेल्या खेपेला याच टप्प्यावर रोपं वाकली होती, यंदा सरळ उभी आहेत, रोज सकाळी आधी तेच जाऊन बघते.